वायू, वजन आणि स्प्रिंग : घरी जुळवलेल्या पहिल्या अर्धस्वयंचलित रायफलीमागचे गणित

अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांमध्ये शस्त्र बाळगण्यास कायद्याने पात्र असलेली प्रौढ व्यक्ती स्वतःच्या वापरासाठी बाजारात मिळणारे तयार भाग आणून घरी रायफल जुळवू शकते. असा छंद तेथे जुना आहे आणि आज त्याचा मोठा भाग एकाच आराखड्याभोवती फिरतो, तो म्हणजे एआर-१५. युजीन स्टोनर या अभियंत्याने आर्मालाइट कंपनीत असताना १९५०च्या दशकात विकसित केलेल्या या रचनेचे हक्क १९५९मध्ये कोल्ट कंपनीने घेतले. पुढे सैन्यासाठी एम-१६ तयार झाली आणि १९६४पासून कोल्टने नागरिकांसाठी अर्धस्वयंचलित, म्हणजे चाप एकदा ओढल्यावर एकच गोळी सुटणारी, आवृत्ती विकायला सुरुवात केली. १९७७मध्ये मूळ पेटंटची मुदत संपल्यावर इतर उत्पादकांनीही तेच भाग बनवायला घेतले. सैन्याने मोजमापे काटेकोर ठरवून दिलेली असल्याने एका कारखान्याची नळी दुसऱ्या कारखान्याच्या सांगाड्यावर बसू लागली आणि सुटे भाग निवडून रायफल जुळवण्याचा छंद त्यातून रुजला.

भाग एकमेकांत बसतात यावरून नवखा माणूस असे समजतो, की ते एकत्र नीट चालतीलही. बसणे आणि चालणे यांत मोठा फरक आहे, आणि तोच या लेखाचा विषय आहे. ही जुळवणीची कृतिपुस्तिका नव्हे. भाग निवडताना आणि नंतर रायफल ‘ट्यून’ करताना नेमके कशाचे संतुलन साधले जाते, हे येथे समजून घ्यायचे आहे.

त्याआधी कायद्याचे पाहू, कारण भागांची पहिली निवड बऱ्याच अंशी तोच करतो. १९६८च्या अमेरिकी शस्त्र नियंत्रण कायद्यानुसार रायफलीचा एक विशिष्ट भागच ‘शस्त्र’ मानला जातो. एआर-१५मध्ये तो मान ‘लोअर रिसीव्हर’ला, म्हणजे चापाची यंत्रणा आणि मॅगझीन सामावणाऱ्या खालच्या सांगाड्याला आहे. त्यावर अनुक्रमांक असतो आणि परवानाधारक विक्रेत्याकडून तो घेताना अर्ज भरून पार्श्वभूमीची तपासणी करून घ्यावी लागते. अनुक्रमांक नसलेल्या अर्धवट घडवलेल्या सांगाड्यांच्या संचांवर २०२२मध्ये संघराज्य सरकारने निर्बंध आणले आणि मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम उचलून धरला. पहिली रायफल करणाऱ्याने त्या वाटेला जाण्याचे मला तरी एकही चांगले कारण दिसत नाही, कारण तयार, क्रमांकित सांगाडा मोजमापाला अचूक असतो आणि पुढचे बरेच प्रश्न निर्माणच होऊ देत नाही. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, वॉशिंग्टन अशा राज्यांत या प्रकारच्या रायफलींवर बंदी किंवा कडक मर्यादा आहेत. त्यामुळे एका राज्यात कायदेशीर असलेली रायफल घेऊन दुसऱ्या राज्यात राहायला जाणे हा गुन्हा ठरू शकतो.

अमेरिकेतील मराठी वाचकांनी आणखी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे काही ठरावीक अपवाद आहेत, पण त्यांवर विसंबण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घेणेच शहाणपणाचे. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू होत नाही. भारतात तर हा छंद शक्यच नाही. १९५९चा शस्त्र कायदा आणि २०१६चे शस्त्र नियम यांनुसार सैन्याची काडतुसे चालवू शकणारी अर्धस्वयंचलित रायफल प्रतिबंधित वर्गात येते, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्राच्या बेकायदा निर्मितीला किमान १० वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

आता यंत्राकडे वळू. काडतुसातील बारूद पेटले, की नळीच्या मागच्या टोकाला, चेंबरमध्ये, वातावरणाच्या दाबाच्या साडेतीन हजार पटींहून अधिक दाब तयार होतो. या दाबाने गोळी पुढे ढकलली जाते आणि सुमारे एक हजारांश सेकंदात नळीबाहेर पडते. नळीच्या वरच्या बाजूला, चेंबर आणि तोंड यांच्यामध्ये, एक बारीक छिद्र असते. गोळी ते ओलांडून गेली, की तिच्यामागचा तापलेला वायू त्यातून वर चढतो आणि नळीला समांतर असलेल्या पातळ नलिकेतून मागे येऊन बोल्ट कॅरियरमध्ये शिरतो. बोल्ट म्हणजे चेंबरचे तोंड बंद करणारा दांडा. त्याच्या टोकाचे दात नळीच्या मागच्या कड्यात अडकलेले असतात, त्यामुळे दाब असताना तो उघडत नाही. वायूने कॅरियर मागे ढकलला, की बोल्टमधील आडवी खीळ कॅरियरच्या तिरक्या खाचेत सरकते, बोल्ट थोडासा फिरतो, दात सुटतात आणि मगच रिकामी पुंगळी ओढली जाऊन बाजूला फेकली जाते. कॅरियर तसाच मागे जाऊन दस्त्यातील ‘बफर’ नावाच्या वजनाला आणि त्यामागच्या स्प्रिंगला दाबतो. स्प्रिंग त्याला परत पुढे लोटते, परतीच्या वाटेवर तो मॅगझीनमधून नवे काडतूस उचलतो आणि बोल्ट पुन्हा अडकतो.

या साऱ्या हालचालीत तीनच गोष्टी एकमेकींशी झुंजत असतात. वायू कॅरियरला मागे ढकलतो. कॅरियर आणि बफर यांचे वजन त्या हालचालीला उशीर लावते. स्प्रिंग तिला थांबवून परत पाठवते. वायू कमी पडला, तर कॅरियर पुरेसा मागे जात नाही आणि पुढचे काडतूस उचललेच जात नाही. तो जास्त झाला, तर दोष कळायला वेळ लागतो, कारण रायफल चालत राहते, फक्त जोरजोरात आपटत चालते. बोल्ट गरजेपेक्षा लवकर सुटू लागतो. त्या क्षणी चेंबरमधला दाब पूर्ण उतरलेला नसतो आणि पितळेची पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटलेली असते. तिला ओढणाऱ्या आकड्यावर अशा वेळी अवाजवी ताण येतो. कधी आकडा घसरतो, कधी पुंगळीची कड फाटते, कधी बोल्टचे दात हळूहळू तडकतात. नवख्याला मात्र हे ‘पुंगळी अडकते, म्हणजे ताकद कमी पडते आहे’ असे भासते, आणि तो वायू आणखी वाढवू पाहतो.

या संतुलनाचे महत्त्व अमेरिकी सैन्याला फार महागात पडून कळले. स्टोनरची मूळ रचना एका विशिष्ट बारुदाच्या काडतुसांवर बेतलेली होती. १९६०च्या दशकात सैन्याने काडतुसांत दाणेदार ‘बॉल’ बारूद वापरायला सुरुवात केली. गोळीचा वेग जवळपास तोच राहिला. परंतु हे बारूद जळण्याची रीत वेगळी असल्याने वायूच्या छिद्रापाशी दाब वाढला, यंत्रणा अधिक वेगाने धावू लागली आणि आत काजळीही जास्त साठू लागली. त्यात चेंबरला क्रोमचा थर नव्हता, व्हिएतनामची हवा दमट होती, सफाईचे साहित्य पुरेसे दिलेले नव्हते, आणि या रायफलीला फारशी सफाई लागत नाही असा समज पसरलेला होता. चेंबरमध्ये पुंगळ्या अडकू लागल्या आणि चकमकीच्या ऐन भरात सैनिकांच्या हातातील रायफली बंद पडल्या. १९६७मध्ये रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय उपसमितीने या प्रकरणाची चौकशी करून कडक ताशेरे ओढले. सुधारणा झाल्या त्या अशा : नवा, अधिक जड बफर आला, चेंबरला क्रोमचा थर मिळाला, सफाईचे साहित्य आणि प्रशिक्षण मिळाले. यांत्रिक बदल पाहिले, तर त्यांत नवा शोध फारसा नव्हता. वायू वाढला होता म्हणून वजन वाढवावे लागले आणि चेंबरची पकड सैल करावी लागली.

घरी रायफल जुळवणाऱ्यापुढे तीच अडचण लहान प्रमाणात, आणि एका अनपेक्षित कारणाने, उभी राहते. मूळ एम-१६ची नळी २० इंची होती आणि वायूचे छिद्र चेंबरपासून बरेच पुढे होते. नंतरच्या एम-४ या आखूड रायफलीत नळी साडेचौदा इंचांवर आली आणि छिद्र पावणेआठ इंचांच्या आसपास मागे सरकले. नागरिकांसाठी मात्र १९३४च्या आणि पुढे सुधारलेल्या संघराज्य कायद्याने १६ इंचांहून आखूड नळीच्या रायफलीला वेगळी नोंदणी लागते. त्यामुळे बाजारातली लोकप्रिय नळी १६ इंची झाली. ही लांबी पदार्थविज्ञानाने सुचवलेली नाही, ती कायद्याने ठरवलेली आहे. आता या १६ इंची नळीवर एम-४चीच आखूड वायुनलिका बसवली, तर छिद्र ओलांडल्यावर गोळीला नळीत आठ इंचांहून थोडे अधिक अंतर कापावे लागते. तेवढा वेळ नळीचे पुढचे तोंड गोळीने बंद असते आणि वायू मागे येत राहतो. छिद्र चेंबरच्या जवळ असल्याने मुळात दाब जास्त, त्यात तो टिकतोही जास्त वेळ. बाजारातील कितीतरी स्वस्त रायफली जोरात आपटत चालतात त्या यामुळे.

यावर उपाय म्हणून ‘मिड-लेंग्थ’ नावाची मधली लांबी पुढे आली. तिच्यात छिद्र सुमारे दोन इंच पुढे असते, म्हणजे तेथवर दाब उतरलेला असतो आणि उरलेले अंतरही सहा इंचांच्या आसपास राहते. पहिल्या रायफलीसाठी १६ इंची नळी आणि मिड-लेंग्थ, किंवा लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी १८ ते २० इंची नळी आणि पूर्ण लांबीची वायुनलिका, या जोड्यांपासून दूर जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. नंतर करायचे निम्मे ट्यूनिंग या एका निवडीत होऊन जाते.

नळीचे तोंड कोणत्या काडतुसासाठी घडवले आहे, हेही आधीच ठरते. .२२३ रेमिंग्टन आणि सैन्याचे ५.५६ × ४५ ही काडतुसे बाहेरून सारखी दिसतात. मात्र ५.५६च्या चेंबरमध्ये गोळी आट्यांना, म्हणजे नळीतील पीळदार खाचांना, भिडण्यापूर्वी थोडी अधिक मोकळी जागा असते. म्हणून ५.५६च्या नळीत दोन्ही चालतात, पण .२२३साठी घडवलेल्या नळीत ५.५६चे काडतूस वापरल्यास दाब धोकादायक पातळीवर जाऊ शकतो. दोन्हींचा मेळ घालणारे ‘वायल्ड’ नावाचे चेंबर नेमबाजांना प्रिय आहे. याहून गंभीर गोष्ट .३०० ब्लॅकआउटची. हे काडतूस .२२३च्याच पुंगळीपासून बनलेले असून त्याच मॅगझीनमध्ये बसते, आणि कधीकधी ५.५६च्या चेंबरमध्ये शिरतेही. तेथे जाड गोळी बारीक नळीत अडकून रायफल फुटते. दोन्ही प्रकार घरात असतील, तर मॅगझीन वेगळ्या रंगाची ठेवण्याची पद्धत आहे.

नळीतील आटे हा पुढचा विषय. भोवरा फिरत असेपर्यंतच उभा राहतो, तशी गोळीही फिरत असेल तरच हवेत सरळ जाते, आणि ते फिरणे तिला नळीतील पीळदार खाचा देतात. किती इंचांत एक पूर्ण फेरा, यावरून पिळाची मोजणी करतात. जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९मध्ये यासाठी एक सोपे सूत्र दिले : गोळीच्या व्यासाचा वर्ग घ्यावा, त्याला १५०ने गुणावे आणि गोळीच्या लांबीने भागावे; वेग फार जास्त असेल, तर १५०च्या जागी १८० धरतात. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट हवा, एवढे त्यातून स्पष्ट होते. ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप), सुमारे १९ मिलिमीटर लांब गोळी या हिशेबाने १२ इंचांत एका फेऱ्यावर जेमतेम स्थिर राहते. ७७ ग्रेनच्या, सुमारे २५ मिलिमीटर लांब गोळीला साडेसात ते आठ इंचांत एक फेरा लागतो. एआर-१५ची सुरुवातीची नळी १४ इंचांत एक फेरा देणारी होती. कडाक्याच्या थंडीतल्या चाचण्यांत, जेथे हवा दाट असते, गोळ्या डळमळू लागल्या, म्हणून पीळ १२ इंचांवर आणला गेला. आज ८ इंचांत एक फेरा हा मध्यममार्ग दोन्ही टोकांच्या गोळ्या नीट हाताळतो.

अर्थात, कोणती गोळी हे रायफल कशासाठी हवी यावर ठरते, आणि हा प्रश्न भागांच्या यादीआधी सुटला पाहिजे. ओहायोतील कॅम्प पेरी येथे भरणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धांसारख्या ठिकाणी २००, ३०० आणि ६०० यार्डांवर नेम धरायचा असेल, तर लांब नळी, जड गोळी आणि उत्तम चाप यांवर पैसे घालावेत. शेतातील कोल्ह्यासारख्या लहान प्राण्यांसाठी हलकी रायफल पुरते. हरणाच्या शिकारीचा विचार असेल, तर राज्याचा नियम आधी वाचावा. कोलोरॅडोमध्ये मोठ्या प्राण्यांसाठी किमान .२४ इंच व्यासाची गोळी बंधनकारक असल्याने .२२३ तेथे चालतच नाही. ‘सगळ्यासाठी एक’ असा हट्ट धरला, की कशालाच न साजेशी, वजनदार रायफल तयार होते.

जुळवणी स्वतः करा किंवा करून घ्या, पहिली गोळी झाडण्यापूर्वी हेडस्पेसची, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबरचा काडतुसाला थोपवणारा उतार यांमधल्या अंतराची, तपासणी गनस्मिथकडून, म्हणजे बंदुकांच्या कारागिराकडून, करून घ्यावी. नळी एका कारखान्याची आणि बोल्ट दुसऱ्याचा असेल, तर ती टाळूच नये. डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण यांविना मैदानावर पाऊल ठेवू नये, हे वेगळे सांगायला नको.

मग प्रत्यक्ष ट्यूनिंग येते. रायफल अडकली, तर आधी मॅगझीन, काडतुसे आणि वंगण यांवर संशय घ्यावा. या यंत्रणेचा बराच त्रास तेथेच असतो. दुसरे नवे मॅगझीन, नावाजलेल्या कारखान्याची काडतुसे आणि बोल्टला पुरेसे तेल एवढ्याने प्रश्न सुटला, तर पुढे हात घालायची गरजच नाही. नाही सुटला, तर लक्षणे वाचावीत. शेवटची गोळी झाडल्यावर बोल्ट मागे अडकून राहत नसेल आणि पुंगळ्या जेमतेम मागच्या बाजूला पडत असतील, तर वायू कमी पडत असण्याची शक्यता आहे; अनेकदा दोष वायू गळण्याचा, म्हणजे वायू नलिकेत वळवणारा छिद्रावरचा ठोकळा किंचित सरकल्याचा असतो. पुंगळ्या पुढच्या दिशेने दूर फेकल्या जात असतील, त्यांच्या कडांवर ओरखडे असतील आणि झटका काडतुसाच्या मानाने तीव्र वाटत असेल, तर वायू जास्त आहे. पुंगळीची दिशा हा केवळ संकेत आहे, कारण आतल्या स्प्रिंगा नव्या असल्यानेही ती बदलते.

जास्त वायूवर दोन उपाय आहेत : वायू कमी करणे किंवा वजन वाढवणे. साधा कार्बाइन बफर सुमारे ३ औंसांचा असतो आणि त्यावर टप्प्याटप्प्याने साडेपाच औंसांच्या आसपासपर्यंतचे बफर मिळतात. वजन वाढवल्याने बोल्ट उशिरा सुटतो. पण मूळ आजार, म्हणजे जादा वायू, तसाच राहतो आणि थंडीत किंवा कमी ताकदीच्या काडतुसांवर रायफल अडखळू शकते. स्क्रूने वायू कमी-जास्त करता येणारा ठोकळा रोगाच्या मुळाशी जातो, पण काजळीने तो जाम होतो आणि रायफल एकाच काडतुसाला बांधली जाते. मी असतो तर आधी एक पायरी जड बफर लावून पाहिला असता आणि ठोकळ्याला अखेरीस हात घातला असता. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याची नोंद ठेवावी. शिवाय वायू अगदी किमान पातळीवर आणण्याचा मोह टाळावा. मैदानावर स्वच्छ, उबदार रायफल जेवढ्यावर चालते, तेवढ्यावर ती डिसेंबरच्या पहाटे मिनेसोटात, काजळीने भरलेली असताना चालेलच असे नाही.

अचूकतेकडे वळताना आकड्यांबाबत सावध राहावे लागते. नेमबाज ‘मिनिट’ हे माप वापरतात. अंशाचा साठावा भाग, जो १०० यार्डांवर साधारण २७ मिलिमीटर भरतो. ‘माझी रायफल एक मिनिटाची आहे’ असे सांगणाऱ्याने बहुधा एकाच ठिकाणी नेम धरून झाडलेल्या तीन गोळ्यांचा एक चांगला गट मोजलेला असतो. गोळ्या सर्व दिशांना सारख्याच पसरतात असे धरले, तर त्याच रायफलीचा पाच गोळ्यांचा गट सरासरीने तीन गोळ्यांच्या गटाच्या सव्वापट आणि दहा गोळ्यांचा सुमारे १.६ पट मोठा येतो. रायफल बिघडलेली नसते, फक्त नमुना मोठा झालेला असतो. म्हणून तीन गोळ्यांच्या गटावरून काडतूस किंवा भाग बदलणे म्हणजे योगायोगामागे पैसे घालवणे होय. दहा गोळ्यांचे दोन-तीन गट झाडून मगच तुलना करावी.

अचूकतेसाठी नळीची आणि काडतुसाची गुणवत्ता सर्वांत निर्णायक असते. त्यानंतर नळीला स्पर्श न करणारी पुढची मूठ येते, कारण साधी मूठ नळीला टेकलेली असली, की पट्ट्याचा ताण किंवा टेकूचा दाब गोळीची जागा सरकवतो. चाप गोळी अचूक करत नाही, माणसाला करतो. सैनिकी चापाला साधारण अडीच ते चार किलो ओढ लागते आणि तीन किलोच्या रायफलीवर एवढा जोर लावताना नेम हलतो. दोन टप्प्यांचा, हलका पण सुरक्षित चाप हा नवख्याला सर्वांत लवकर फरक दाखवणारा खर्च आहे.

शेवटी दुर्बिणीचा ‘झिरो’, म्हणजे ठरावीक अंतरावर गोळी नेम धरलेल्या जागीच बसेल अशी तिची जुळणी. एआर-१५वर दुर्बीण नळीच्या मध्यरेषेपासून सुमारे ६५ मिलिमीटर उंच बसते, त्यामुळे गोळी नजरेच्या रेषेखालून निघते, तिला वर छेदते आणि पुढे पुन्हा खाली येते. ५५ ग्रेनची गोळी ५० यार्डांवर नेमकी बसवली, की तीच गोळी २०० यार्डांच्या आसपास पुन्हा रेषेवर येते आणि मधल्या सगळ्या अंतरात दोन इंचांहून फारशी वर जात नाही. काडतूस बदलले, की हा झिरो पुन्हा कागदावर तपासून घ्यावा लागतो.